हनीफभाईंची खड्यांची बाटली

हनीफभाईंच्या कपाटात औषधाच्या बाटलीत मुतखडे सापडले तेव्हा मला आनंद झाला, हे आधीच कबूल करते. सहा वर्षं मी त्यांच्यावर डोळा ठेवून होते. चोर मुद्देमालासकट सापडला असं मला वाटलं.

मी जगदेवी, लातुरातल्या एका मुतखड्याच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. हनीफभाई तिथली यंत्रं सांभाळायचे. भूकंपाआधी ते औशाकडे हातपंप दुरुस्त करायचे. भूकंपात राहतं घर बसलं आणि ते लातूरला आले. तेव्हापासून त्यांचा कशावरच भरवसा नव्हता. खुर्चीसुद्धा हलवून बघितल्याशिवाय बसायचे नाहीत. "जी वस्तू काल चालली, ती आज चालंल असं कोन लिहून दिलंय, सिस्टर?" असं म्हणायचे. संशयी मीही कमी नव्हते. पण ते वस्तूंवर संशय घ्यायचे, मी माणसांवर.

आमच्याकडे ऑपरेशन झालं की नातेवाईक पेशंट कसा आहे ते नंतर विचारतात, आधी म्हणतात, "खडा दाखवा." खडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय डॉक्टरनं काही काढलं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. निघालेले तुकडे लहान बाटलीत भरून द्यायचं काम हनीफभाईंकडे होतं. बाटली बघून लोक खूश व्हायचे, हनीफभाईंच्या हातावर चहापाण्याला काहीबाही ठेवायचे. मला वाटायचं, हा बाबा पदरचे खडे मिसळून बाटल्या भरतो. म्हणून त्यांचं कपाट उघडायची संधी मी शोधतच होते. ते पुतणीच्या लग्नाला उमरीला गेले, मी फ्यूज शोधायचं निमित्त केलं, आणि बाटली मिळाली.

मी ती नेऊन दाखवली तसे डॉक्टर भडकले. खडे कचऱ्याच्या पिशवीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबिताचं ऑपरेशन होतं. ही जळकोटची मुलगी. तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं आणि त्याच्या मागोमाग आमच्याकडे पोरापोरींची रांग लागली होती. तीन तास क्लासमधून उठायचं नाही, होस्टेलवर चाळीस मुलींत दोन संडास, म्हणून पोरी पाणीच पीत नसत. बबिताच्या डाव्या किडनीत बोराएवढा खडा होता आणि मेडिकलची सीईटी दीड महिन्यावर आली होती. तिची आई कावेरीबाई पहाटेपासून थिएटरच्या दारात बसून होती.

हनीफभाई गावाहून थेट दवाखान्यात आले. डॉक्टरांनी जाब विचारला.

"साहेब, ते खडे नळी तपासायला ठिवलेत."

"नळी पाण्यानं तपासतात," मी मध्येच तोंड घातलं. "मी स्वतः तपासलीय. पाणी सरळ जातंय."

"पानी तर जानारच, सिस्टर."

मला ते उलट उत्तर वाटलं. डॉक्टरांना उशीर होत होता. चौकशी होईपर्यंत आत यायचं नाही, असं सांगून त्यांनी हनीफभाईंना बाहेर थांबवलं.

या ऑपरेशनात पाठीला लहान भोक पाडून आतल्या आत खड्याचा चुरा करतात. वरून पाणी सोडत राहायचं आणि सक्शनच्या नळीनं पाणी आणि चुरा बाहेर ओढत राहायचं. वीसेक मिनिटं सगळं नीट चाललं. मग सक्शनच्या बरणीत पडणारी धार थेंबांवर आली. पडद्यावर सगळं गढूळ झालं.

"सक्शन ओढत नाही," डॉक्टर म्हणाले. मी नळी दाबली, झटकली, आपटली. काही होईना. शेवटी त्यांनीच हनीफभाईंना बोलवायला सांगितलं. मी दार उघडलं तर ते कावेरीबाईजवळच उभे होते. "सक्शन ओढत नाही," मी म्हणाले.

"आधी वरचं पानी बंद करा," एवढंच म्हणाले.

पाण्याची चावी इतका वेळ माझ्याच हाताशी होती. आत जाणारं पाणी बाहेर येत नव्हतं, पोरीची किडनी फुगत होती, आणि मी नळी आपटत बसले होते.

हनीफभाई कपडे बदलून आले. त्यांनी नळीचं वाकण, म्हणजे वळणावरचा जोड, सुटं केलं. आत पांढरा क्षार धरला होता, आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीला धरतो तसाच, आणि त्यात तुकडा अडकला होता. त्यांनी दुसरं वाकण जोडलं. ऑपरेशन पूर्ण झालं. मग त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, की नळ्या निर्जंतुक करायला देण्याआधी दर वेळी ते त्या बाटलीतले खडे पाण्याबरोबर नळीतून ओढून बघत. ज्या वाकणात खडा अडेल ते वाकण फेकून देत.

दुपारी बबिताला हुडहुडी भरली. किडनीतलं दूषित पाणी रक्तात गेलं होतं. दोन दिवस पोरगी राहते की जाते ते डॉक्टरही सांगेनात. कावेरीबाईनं एवढंच बघितलं होतं, की हनीफभाई घाईनं आत गेले आणि नंतर ताप आला. "ह्यो गडी आत गेला अन् माज्या लेकीचं वाटुळं झालं," असं ती येईल त्याला सांगत होती. डॉक्टर म्हणाले, असं कधीकधी होतं. हनीफभाई खाली मान घालून आपलं काम करत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला त्यातही डाव दिसला. आज गप्प बसतोय, उद्या बरोबर वसूल करील, असं वाटलं. काय म्हणावं माझ्या स्वभावाला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला. किडनी वाचली होती. सीईटीबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते. हनीफभाई मॉनिटरची वायर बघायला खोलीच्या दारात आले, तर कावेरीबाईनं लेकीवर चादर ओढली.

"तू हात लावू नगंस."

ते दारातूनच मागं फिरले. त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. मला ते सोसवलं नाही.

"कावेरीबाई, त्यांनी नाही केलं. मी केलं," मी म्हणाले, आणि बाटलीपासून चावीपर्यंत सगळं सांगितलं.

तिनं लेकीवर ओढलेली चादर खाली घेतली. मग म्हणाली, "बाई, तुमी बाजूला व्हा." हनीफभाईंना तिनं हाक मारली. "भाऊ, ही सलाईनची नळी बघा. ह्या बाईंनीच लावलीय."

हनीफभाईंनी पिशवीपासून सुईपर्यंत नळी बोटांनी चाचपली, उजेडात धरून बघितली.

"बराबर हाय," ते म्हणाले.

"आनखी एकदा बघा."

त्यांनी परत बघितली.