बु रुमिनाचा जावई

आमच्या कारांगलाबुह गावात बु रुमिनाला मूलबाळ नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मास जुनाइदीला. हा शिरगणतीचा कारकून, गावात नवखा, वाळूतून चालून चालून अर्धमेला झालेला. मी शेजारच्या ओट्यावर टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळत होते, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं.

"घरात कोण कोण?"

"मी आणि माझ्या तिघी. नवरा गेल्यापासून त्यांच्याच जिवावर आहे मी."

"नावं सांगा."

"थोरली गंबिर. तिला आधार लागतो, नाहीतर शेजाऱ्यांच्या अंगावर जाते. मधली पुतिह, साधी, एकपदरी. आणि धाकटी मनूर. गुबगुबीत, आळशी. एकोणीस वर्षांची झाली, पण मनात येईल तेव्हाच काय ते करणार."

"नोकरी?"

"थोरल्या दोघी चहाच्या कारखान्याला. सकाळी ऊन तापायच्या आत पोचवावं लागतं."

"शिक्षण?"

"त्या कुठल्या जागच्या हलतात!"

"मग धाकटीला वळण कसं लावता?"

"पाऊस सरला की गुडघ्याएवढी छाटते. उरलेली पानं ओरबाडते. दोन आठवडे पाण्याचा थेंब नाही. मग लेंडीखत घालते आणि पोटभर पाजते. महिन्यात अशी फुलते म्हणून सांगू!"

जुनाइदीचं पेन थबकलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. गंबिर म्हणजे मागच्या मांडवावरची जाई, पुतिह म्हणजे साधा मोगरा आणि मनूर म्हणजे बटमोगरा, आणि कारखान्यात जातात त्या थोरल्या दोघींच्या कळ्या, चहाला वास द्यायला, एवढं मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला हसू आवरेना, म्हणून मी कढईवर वाकून तोंड लपवलं. तो चहा न पिताच गेला.

दोन महिन्यांनी बु रुमिनाच्या दारात चार माणसांचा सरकारी तांदूळ येऊन पडला. ती परत करायला गेली, तर चावडीवर सांगितलं, "वहीत चार आहेत, चौघींनी खा." आणखी आठवड्यानं जिल्ह्याहून दोन अधिकारी बायका आल्या, उपाशी ठेवलेल्या मुलीची चौकशी करायला. बु रुमिनानं त्यांना परसात नेलं. मनूर तेव्हा कळ्यांनी लगडलेली होती. त्या बराच वेळ कागदाकडे आणि झाडाकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"यात झाडाचा रकाना नाही," एक म्हणाली.

"मग काय आहे?"

"प्रकृती सुधारली की नाही सुधारली."

"सुधारली की! बघा ना."

'सुधारली' असं लिहून, केसांत दोन-दोन कळ्या माळून त्या निघून गेल्या.

आता नावं कमी करायला हवी होती. सरपंच म्हणाले, "बु, नाव दोनच कारणांनी कटतं. मेली तर, नाहीतर लग्न होऊन परगावी गेली तर."

"माझी जिवंत पोर मेली असं लिहून देऊ? जीभ झडेल माझी!"

तिथं पाक वासिरान बसले होते. पलीकडच्या गावचे विधुर, नवरीच्या अंबाड्यासाठी फुलं गुंफणारे. वर्षानुवर्षं ते मनूरची काडी मागत आणि बु रुमिना देत नसे. ते चाचरत म्हणाले, "धाकटी माझ्याकडे द्या. बघू, एक तरी नाव कटतंय का."

बु रुमिनानं चार पेरांची एक काडी कापली, खालची पानं खुडली आणि वाळू-मातीच्या कुंडीत खोचून त्यांच्या हाती दिली. सरपंचांनी दाखला लिहिला: मनूर, विवाहानिमित्त स्थलांतर. पाक वासिरानच्या गावच्या कारकुनानं दाखला वाचला, कुंडी बघितली आणि मुकाट्यानं त्यांच्या नावापुढे 'पत्नी' लिहिलं.

पण पाक वासिरान मायाळू माणूस. दिवसातून पाच वेळा पाणी घालायचे. आठवड्यानं बु रुमिना बघायला गेली आणि ओरडली, "अहो, बुडवून मारताय की! मुळं फुटेपर्यंत सावलीत ठेवा आणि माती नुसती ओलसर असू द्या. उपटून काय बघता सारखं?"

"मूळ आलं का ते बघत होतो."

"तुमच्या घरी मी रोज यायचं का आता?"

"या की," ते म्हणाले.

ती जायला लागली. रोज नाही, एक दिवसाआड. काडीला मुळं फुटली, नवी पानं आली, फांदी आली, तरी जाणं थांबलं नाही. एक दिवस ती माझ्या ओट्यावर येऊन बसली, टेम्पेचा तुकडा हातात तसाच. "बहिणी, या वयात लग्न म्हटलं तर लोक हसतील ना गं?"

"हसतील. पण पोटभर जेवायलाही येतील," मी म्हणाले.

दोघं काझींकडे गेले. काझींनी कागद चाळले आणि चष्मा काढला.

"पाक वासिरान, ही तुमची सासू आहे."

"कुठली सासू? तो मोगरा आहे!"

"इथं 'पत्नी मनूर, वय एकोणीस, आई रुमिना' असं लिहिलंय. सासूशी निकाह होत नाही. तलाक दिलात तरी होत नाही. सासू ती सासूच."

आयुष्यात कधी कुणापुढे न रडलेली बु रुमिना तिथं रडली. "पोर नव्हती म्हणून झाडांना पोरी म्हटलं. त्याची एवढी शिक्षा?"

काझी म्हातारे होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, दाढी कुरवाळली आणि विचारलं, "मनूरच्या लग्नात तिच्या बाजूनं वली कोण होता? बाप, आजा, काका?"

"कुणी नव्हतं. नुसती कुंडी होती."

"साक्षीदार?"

"सरपंच होते, पण ते जेवत होते."

"मेहेर काय दिलंत?"

"लेंडीखत," पाक वासिरान खरं तेच बोलले.

"मग हे लग्न झालंच नाही!" काझींनी टेबलावर थाप मारली. "मुलगी आईकडे परत."

कागद फिरून यायला चार महिने लागले. लग्नाच्या दिवशी नवरदेवालाच उशीर झाला, कारण नवरीच्या अंबाड्यावरची फुलांची जाळी त्यांनी तीनदा गुंफून तीनदा उसवली होती. बु रुमिना साठीला टेकलेली, तांबूस बाटिकमध्ये बसून माझा हात घट्ट धरून होती. ते फुलं घेऊन धापा टाकत आले तेव्हा ती म्हणाली, "या, आणि आधी पाणी प्या."

नव्या कुटुंबपत्रावर पाच नावं आली, नवरा-बायको आणि तिघी पोरी. पाक वासिरानना पहिल्या बायकोपासूनही मूल नव्हतं. ते पत्र खिशात घालून आठवडाभर गावभर हिंडले. ज्यांनी मागितलं त्यांना दाखवलं, ज्यांनी नाही मागितलं त्यांनाही.