बोळक्या म्हाताऱ्याचं काम

आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला. ती मिळाली, याचं अर्धं श्रेय मी आमच्या आरमोरी गावच्या भाऊंना देतो. ते मुक्या सिनेमांत विनोदी म्हाताऱ्याची कामं करून गावी परतले होते आणि धानाची शेती करत. वय पन्नाशीचं, पण तोंडात एकही दात नाही. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या गावनाटकात, ते नुसते रिकामं तोंड चावत उभे राहिले तरी गाव पोट धरून हसे.

बी.ए.चं शेवटचं वर्ष सोडून मुंबईला सिनेमात जायचं मी ठरवलं. दिवाळीच्या सुटीत त्यांच्याकडे ओळखीची चिठ्ठी मागायला गेलो. ते खलबत्त्यात पान कुटत होते.

"तुह्या तोंडात दात किती हायेत?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. "सारे हायेत, भाऊ."

"माह्येही होते. चोवीस वर्षांचा होतो. सिनेमा कंपनीचा मालक म्हणे, बोळक्या म्हाताऱ्याचं काम कायमचं देतो. आठ दिवसांत सारे काढून घेतले."

"चांगले दात?"

"ऊस सोलत होतो त्यायनं. चार वर्षं लोक लई हसले. मंग बोलपट आले, अन् माह्यं बोलणं कोनालेच समजे ना."

इतकी वर्षं आम्ही कशाला हसत होतो!

"चिठ्ठी देऊ का?" त्यांनी खरंच विचारलं.

माझी जीभ माझ्याच दातांवरून फिरत होती.