पुलावरचा पहिला उकार

पुसदची माहिती विचाराल तर ती दोन ओळींत संपते. जिल्हा यवतमाळ, नदी पूस, ती पुढे पैनगंगेला मिळते; बाजार मोठा, शाळा-कॉलेजं भरपूर, आणि आपला वेगळा जिल्हा कधी होतो याची वाट बघण्यात गावाचं आयुष्य चाललेलं. पण या दोन ओळींतल्या एका शब्दानं उकंडा पेंटरला जन्मभर छळलं.

तेव्हा तो ऐन पंचविशीत होता. पुलाच्या दोन्ही टोकांना नदीचं नाव लिहायचं काम त्याला मिळालं. गावाचं नाव पुसद, त्यातला उकार पहिला, मग नदीचा दुसरा कशाला असेल? गड्यानं ठसठशीत अक्षरांत लिहून टाकलं, 'पुस नदी'.

आता आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं. दुसऱ्या दिवसापासून जो तो पुलावर थांबून ओरडायला लागला, "काय पुसू रे उकंडा नदीले? कापसाचा भाव पुसू काय?" पानठेल्यावर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. त्याचं नावच 'पुस पेंटर' पडलं.

लग्न झाल्यावर ही गोष्ट नव्या नवरीपासून लपवायची त्यानं शिकस्त केली. पण कौसल्या आर्णीकडची, वाचणारी पोरगी. बाजारातून येताना तिनं पाटी वाचली आणि पदर तोंडाला लावून पोटभर हसली. मग म्हणाली, "चुकलं कुठी? बरोबरच लिवलं तुमी. चला, पुसू." कठड्यावर वाकून तिनं विचारलं, "काव माय, हा मानूस मले बरा ठेवीन काय?" आणि आवाज बारीक करून स्वतःच उत्तर दिलं, "ठेवीन, पन सकाळचा चहा त्याले करा लागन."

चहा त्यानं जन्मभर केला.

कौसल्या विहारातली वंदना न चुकवणारी, नवस कधी न बोलणारी बाई. पण घरात काही अडलं की म्हणायची, "चला, नदीले पुसून येऊ." मुलीचं नाव मैत्रेयी ठेवायचं, टिनाच्या घरावर स्लॅब टाकायचा, फ्लेक्स आले तरी ब्रश सोडायचा नाही, सगळं पुलावर ठरलं. प्रश्न तो विचारायचा, उत्तर ती द्यायची. खाली गोधड्या धुणाऱ्या बायकांचा कलकलाट असायचा, पोरं धडाधड उड्या मारायची. काय दिवस होते ते! आता पाण्यापेक्षा बेशरमाची झुडपंच जास्त दिसतात. उकार दुरुस्त करायला तो अधूनमधून डबा घेऊन निघायचा, पण तिनं कधी जाऊ दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात कौसल्या गेली.

यंदा पुलाला रंग द्यायचं निघालं आणि ठेकेदार रूपसिंग दारात आला. "उकंडाभाऊ, नाव तुमच्याच हातचं पाह्यजे. अन् यावेळेस तेवढा उकार सुधरवा. सायबानं खास सांगतलं."

ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते काम घरी चालून आलं आणि उकंडा विचारात पडला. चूक खोडली की थट्टा मिटणार होती. पण कौसल्याचं बोलणंही तिच्याबरोबर पुसलं जाणार होतं, आणि या गावात तिचं म्हणून दुसरं काही लिहिलेलं नव्हतं.

सकाळी त्यानं गावाकडच्या टोकाची जुनी अक्षरं घासून काढली. ब्रश बुडवला. मग इकडेतिकडे बघत, जरा लाजतच, कठड्यावर वाकला. "काव माय, कोनता उकार देऊ?"

नदी कधीच बोलत नव्हती, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? तरी त्याला फार एकटं वाटलं. शर्टाच्या बाहीनं डोळे टिपून त्यानं दुसरा उकार ओढला. 'पूस नदी'. झोकदार आला.

दुपारी रूपसिंग काम बघायला आला. पहिली पाटी पाहून खूश झाला, पूल ओलांडून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथंच थबकला. "उकंडाभाऊ! तिकडं पूस अन् इकडं पुस? हे काय करून राह्यले तुमी?"

"तिकडं नदीचं नाव हाय," ब्रश धुता धुता उकंडा म्हणाला. "इकडं आमच्या घरचीचं सांगनं हाय."

रूपसिंगनं पाटीकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. "मंग सायबाले काय सांगू मी?"

"नदीले पुस."

रूपसिंग हसला. पण खरंच कठड्यावर वाकला आणि मोठ्यानं विचारलं, "काव माय, राहू देऊ काय?"

उकंडानं आवाज बारीक केला आणि उत्तर दिलं, "राहू दे, बापू."