शिवूच्या लग्नातली लाल चौकट

मृदुला लघाटे झाशीच्या सिविल लाइन्समधल्या एका स्टुडिओत लग्नाच्या फिल्मा जोडायची. तिच्या खोलीला खिडकी नव्हती. पाहुण्याची खुर्ची मांडली की दार अडायचं, आणि कुणी बसलं की मृदुला आतच अडकून पडायची.

त्या दुपारी खुर्चीत शिवांगी होती. डिसेंबरात तिचं लग्न झालं आणि होळीच्या आधी तिचे बाबा, रेल्वेतले गार्ड गजाननराव, अचानक गेले. आता आईला दाखवायला तिला फिल्म हवी होती.

मृदुलाने संगणकावर तिच्या फिल्मचं काम उघडलं. चित्रांच्या जागी नुसत्या लाल चौकटी! जुनी डिस्क कुरकुरायला लागली म्हणून मालक सुभाषचंद्रजींनी घाईघाईने सगळं नव्या ड्राइव्हवर हलवायला लावलं होतं आणि जुनी लगेच पुसून टाकली होती.

"सब डिलीट हो गया क्या, काकू?"

"नाही गं. फायलींनी घर बदललंय. याला नवा पत्ता सांगायचा, बस."

तिने नवा फोल्डर दाखवला. लाल चौकटी भराभर निवळल्या. दोघींनी श्वास सोडला. मृदुलाने फिल्म लावली. अंतरपाट दूर झाला आणि पलीकडे भलताच नवरदेव उभा!

"ये कौन है?" शिवांगी किंचाळलीच.

कॅमेरा दर लग्नात फायलींना पुन्हा एकपासून आकडे घालतो. नाव तेच पाहून सॉफ्टवेअरने दुसऱ्याच लग्नाची चित्रं आणून डकवली होती. मृदुलाने सगळी जोडणी तोडली आणि तारीख, लांबी ताडून एकेक फाईल हाताने जोडू लागली. मागून शिवांगीचा श्वास मानेवर येत होता. उठायची सोय नव्हती.

लाल चौकटी दिसताच तिने मालकांना फोनवर कळवलं होतं. तेवढ्यात त्यांचा निरोप आला. 'कह दीजिए, कैमरे का कार्ड खराब था.'

मृदुलाने फोन पालथा घातला. नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं, आणि झाशीत दुसरीकडे असं काम मिळणार कुठे?

शेवटी एकच चौकट लाल राहिली. कन्यादानानंतर बाबा लेकीशी बोलतात, नेमकी तीच. ती फाईल नव्या ड्राइव्हवर आलीच नव्हती.

"शिवांगी," ती खालच्या आवाजात म्हणाली, "हे चित्र गेलं. हलवताना आमच्याकडूनच राहिलं."

शिवांगी त्या लाल चौकटीकडेच बघत राहिली. मृदुलाला ते बघवेना. तिने उगाच सगळे फोल्डर पुन्हा धुंडाळले. गजाननरावांच्या कुडत्याला लावलेल्या माइकचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवलेलं होतं. तिने ते लावलं.

पडदा लालच होता. आवाज आला, "शिवू, रडू नको. आधी पाणी पी. गाडी कुठे जात नाही, हिरवी झेंडी माझ्या हातात आहे."

शिवांगीने तोंडावर हात दाबला. मग अडखळत, त्या दुपारी पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "परत... परत लावा ना, काकू."

मृदुला लावत राहिली.

त्या रिकाम्या जागी बाबांचा फोटो घालायला शिवांगी नाही म्हणाली. तिथे काळा पडदा आणि बाबांचा आवाज, एवढंच ठेवलं. सुभाषचंद्रजी भडकले. "काला परदा कौन देखेगा, दीदी? बदनामी हमारी होगी!"

पुढे शिवांगीचा फोन आला. आई ती जागा आली की डोळे मिटून ऐकते, म्हणाली.

मालकांनी मृदुलाला काढलं नाही. हलवलेल्या सगळ्या जुन्या लग्नांच्या फायली पुन्हा जोडायचं काम मात्र तिच्याच गळ्यात घातलं. नोकरी सोडून जावं, असं तिच्या मनात फार आलं. मग तिने पहिलं लग्न उघडलं. सगळं लाल होतं.