जर्सीची पिशवी

मंडळी, आज ब्रेकमध्ये जे झालं ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

इथे साउथहॅम्प्टनला आमच्या वेअरहाउसची फुटबॉल टीम आहे. मराठी, पंजाबी, गुजराती, सगळे एकत्र. मॅच झाली की सगळ्या जर्सी एका पिशवीत जातात आणि पाळीपाळीने एकेक जण घरी नेऊन धुतो.

रविवारी हरलो, पंजाबी पोरांचं आणि बाकीच्यांचं भांडण झालं. या वेळी धुवायची पाळी पंजाबी जस्सीची, आज त्याने पिशवी आणली. पंजाबी पोरांच्या जर्सी धुतलेल्या, बाकीच्या चिखलाने कडक.

"आपापली धुवा," म्हणाला.

आमचा प्रशांत भडकला. "मग टीमपण आपापली करू ना!"

मी हसलो. फोर्कलिफ्टवाले झोरानकाका नाही हसले. ते जुन्या युगोस्लाव्हियाचे, तो देश पुढे युद्धात फुटला.

"आमचीपण एकच मोठी लीग होती, पोरा. सगळ्या प्रांतांचे क्लब त्यात. आधी स्टँडमधल्या घोषणा बदलल्या, क्लबऐवजी प्रांतांच्या झाल्या. आम्ही म्हटलं, पोरं आहेत, ओरडू दे. मग दोन प्रांतांचे क्लब यायचे बंद झाले. मग आणखी गेले. लीगचं नाव तेच राहिलं, देश गेला. माझ्या बाजूला बसून मॅच बघायचा तो मित्र..."

काका चहा तसाच टाकून उठले.

पिशवी मी घरी आणलीये. सगळ्या जर्सी एकत्रच मशीनला टाकल्यात. टीमच्या ग्रुपवर लिहिलं, "रविवारी भेटू." सगळ्यांनी वाचलंय.

आणि हे लिहिता लिहिता दोघं ग्रुपमधून बाहेर पडले.

तुमच्याकडे असं झालेलं का कधी? कोणी थांबवलं, कसं थांबवलं? रविवारच्या आत सांगा रे.