डिस्पॅचमधला बंद पीसी

कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणाऱ्याने भुताखेतांवर विश्वास ठेवू नये, आणि मी ठेवतही नाही. तरी महाळुंग्याच्या त्या कंपनीतून फोन आला की उचलण्याआधी अजून मी नंबर दोनदा बघतो.

कंपनी लहान, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. सर्व्हर चिंचवडच्या ऑफिसात आणि कारखाना महाळुंग्यात. माल भरला की सर्व्हरवरून हुकूम सुटायचा आणि महाळुंग्याच्या डिस्पॅचमधला जुना खडखड्या प्रिंटर चलन, म्हणजे मालासोबत जायचा कागद, छापायचा. चलनाशिवाय ट्रक गेटबाहेर पडत नाही. हे काम बघणारा माणूस फोनवर बोलता बोलता माझा मित्र झाला. "तुमचा सर्व्हर रुसलाय बघा राव," अशी त्याची सुरुवात असायची. स्वतःचा पीसी तो कधीच बंद करत नसे. बंद केला की सकाळी नाटकं करतो म्हणायचा.

एकदा लागोपाठ दोन शिफ्ट करून तो घरी गेला आणि झोपेतच गेला. डिस्पॅचचं काम तात्पुरतं चिंचवडला हलवलं. कागद तिथे छापायचे आणि मोटरसायकलवरून महाळुंग्याला पाठवायचे. पुढे त्याच्या जागी त्याच्या बायकोला घेतलं, ट्रायलवर. काम परत महाळुंग्याला आलं आणि वहिनी बसल्या त्या दिवसापासून प्रिंटरने एक कागद बाहेर टाकला नाही; तातडीचे कागद अजून मोटरसायकलवरूनच येत होते.

मी घरून, रावेतहून, फोनवरच सगळे उपाय केले. सर्व्हरला विचारलं तर तो म्हणे प्रिंटर जागेवर नाही. प्रिंटर पीसीला जोडलाय का, विचारलं. हो, शेजारीच तर आहे, असं उत्तर आलं. तिकडे कुजबूज सुरू झाली होती. तो होता तेव्हा कधी अडलं नाही, नव्या बाईचा पायगुण म्हणायचा, दुसरं काय. असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. मशीनला पायगुण कळत असता तर मी पंचांग घेऊन फिरलो असतो. पण मॅनेजरने सांगून टाकलं होतं की आज चलन निघालं नाही तर काम पुन्हा चिंचवडला जाईल आणि मग बाईंची गरज उरणार नाही. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. मी गाडी काढली.

गेटवर भरलेला ट्रक उभा होता. वहिनी नव्या पीसीसमोर हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. प्रिंटर त्यांच्याच टेबलावर होता, पण त्याची वायर त्यांच्या पीसीत जातच नव्हती. मी खाली वाकून तिचा माग काढला. ती टेबलाखालून पलीकडे गेली होती, एका पांढऱ्या कापडाखाली. कापडावर त्याचा हार घातलेला फोटो होता, पुढे उदबत्ती. आणि कापडाखाली त्याचा पीसी.

तो गेला त्याच दिवशी सुपरवायझरने पीसी बोर्डावरून बंद केला होता. गेलेल्या माणसाच्या वस्तूला लगेच हात लावू नये, तेरावं होऊ द्यावं, या भावनेने. तेरावं झालं, पण पुन्हा चालू करायला कोणाचा हात धजावला नाही. प्रिंटरचा सगळा कारभार त्याच पीसीतून चालायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. बिचारा सर्व्हर इतके दिवस त्यालाच हाका मारत होता.

मी फोटोला नमस्कार केला, तो उचलून बाजूला ठेवला, बोर्ड चालू केला आणि पीसीचं बटण दाबलं. पीसी पासवर्ड न विचारता त्याच्याच नावाने उघडला आणि पाठोपाठ, कोणी काही न करता, प्रिंटर खडखडायला लागला. तुंबलेली चलनं एकामागून एक बाहेर पडू लागली. हमाल दोन पावलं मागे सरले. एकाने हात जोडले. कारण मला ठाऊक होतं, तरी मी एकदा फोटोकडे बघून घेतलं.

वहिनींनी पहिला कागद हातात घेतला. ऑफिसने त्यांना नवीन खातं दिलंच नव्हतं, त्या त्याच्याच खात्यावर काम करत होत्या. प्रत्येक चलनाच्या तळाशी, तयार करणारा म्हणून, त्याचं नाव छापलं होतं. त्या बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिल्या.

सुपरवायझर हळूच म्हणाला, राहू द्या वहिनी, तेवढीच आठवण.

"न्हाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, नाव काढा त्यांचं. लई ओव्हरटाइम केला त्यांनी. आता सुट्टी द्या."

मी चिंचवडला फोन करून त्यांच्या नावाने खातं उघडायला लावलं, वायर त्यांच्या पीसीला जोडली आणि सर्व्हरला नवा पत्ता दिला. त्यांनी टाइप केलं, प्रिंटर खडखडला. या खेपेला तळाशी त्यांचं नाव होतं. त्यांनी कागद फाडून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि ट्रक गेला. पायगुणाबद्दल मग कोणी बोललं नाही.

राहिला त्याचा पीसी. त्यातून प्रिंटर काढायचं काम मी त्यावरच्या माझ्या खात्यातून केलं होतं, त्याचं खातं मागे तसंच उघडं होतं. बंद करायला गेलो तर पडद्यावर सूचना आली. मी थबकलो. वहिनींनी विचारलं, काय म्हणतोय? खोटं सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"म्हणतोय, या पीसीवर अजून कोणीतरी काम करतंय. तरीही बंद करायचा का?"

इतक्या दिवसांत न रडलेल्या वहिनी तिथे, हमालांच्या देखत, रडल्या. मी बटणावरचा हात काढून घेतला. थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले, खुर्ची ओढून त्याच्या जागेवर बसल्या आणि कुठे दाबायचं ते मला विचारलं.