कुठे लिहिलंय?

सलाम मंडळी! रास अल खैमाहून घरी पोचल्या पोचल्या ग्रुपला मेल टाकतेय, कारण डोकं भयंकर तापलंय.

आपल्या ख्रिस्ती सेवा-संस्थेतर्फे मी आणि नवा व्हॉलंटियर आज दिनकरकाकांना भेटायला तिथल्या हॉस्पिटलात गेलो होतो. काका मूळचे आपल्या नगर जिल्ह्यातले, इथे आखातात सिमेंट फॅक्टरीत असतात, शुगर वाढून अ‍ॅडमिट आहेत. प्रार्थना झाली आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "अंकल, इन्सुलिन बंद करा. विश्वास आहे ना? मग औषध कशाला?"

काका घाबरून मला म्हणाले, "पोरी, आपल्या संस्थेत असंच मानतात का गं?"

"अजिबात नाही!"

त्यावर हा शांतपणे म्हणतो, "कुठे लिहिलंय, दीदी?"

खरंच कुठे लिहिलेलं नाही! विषय काढला की कमिटीचं ठरलेलं उत्तर, "आपण सगळे ख्रिस्तीच ना? त्यात लिहायचं काय?" चपला कुठे काढायच्या याची पाटी मात्र हॉलच्या दारावर आहे, तीही तीन भाषांत!

काकांनी दुपारची सुई नाकारली. नर्सने आणि मी अर्धा तास विनवलं, तेव्हा कुठे घेतली.

आपण काय मानतो ते एका कागदावर उतरवायला आता कोणाची सुई चुकायची वाट बघायची?